डार्टायटिस: अडकलेला हात ढकलायचा नाही

डार्टायटिस, म्हणजे डार्ट फेकताना हात अडकण्याचा त्रास, झालेल्या खेळाडूला नेम कुठे धरला होता ते विचारा, तो अचूक सांगेल. घोळ होतो तो त्याच्या पुढे. ओकीवर, म्हणजे फेकण्याच्या रेषेवर, तो नीट उभा राहतो, डार्ट डोळ्यासमोर आणतो, ट्रेबल वीसकडे, म्हणजे वीसच्या घरातल्या तिप्पट गुणांच्या पट्टीकडे, बघतो, हात मागे घेतो आणि हात तिथेच थिजतो. पुन्हा नेम, पुन्हा तेच. तिसऱ्या-चौथ्या खेपेला कुठून तरी झटका येतो आणि डार्ट कसाबसा सुटतो. जातो बहुतेक खाली, तीन नाहीतर सतराच्या घरात. मागे उभ्या असलेल्या माणसाला वाटतं की हा उगाच वेळ काढतोय.

‘डार्ट्स वर्ल्ड’ मासिकाचे संपादक टोनी वूड यांनी १९८१ साली या प्रकाराला डार्टायटिस हे नाव दिलं. लोकांना तो खऱ्या अर्थाने कळला तो एरिक ब्रिस्टोमुळे. १९८०, ८१, ८४, ८५ आणि ८६ असं पाच वेळा जगज्जेतेपद मिळवलेला हा माणूस. त्याचा हात १९८६च्या अखेरीस स्वीडिश ओपनमध्ये अडकायला लागला. तो करंगळी बाहेर काढून डार्ट धरायचा आणि त्याच्या फेकीतली सहजता बघायला लोक गर्दी करायचे. त्याच माणसाला एक डार्ट सोडायला सेकंदांमागून सेकंद लागू लागले. त्यानंतर तो पुन्हा जगज्जेता झाला नाही. पण १९८९, ९० आणि ९१ अशा सलग तीन जागतिक स्पर्धांच्या अंतिम फेरीत तो पोचला, हेही लक्षात ठेवा. डार्टायटिस झाला की करिअर संपलं, असं सरसकट म्हणणाऱ्यांना हा भाग आठवत नाही.

अलीकडची उदाहरणं जास्त बोलकी आहेत. २०१७च्या डार्ट्सच्या ग्रँड स्लॅम स्पर्धेत नेदरलँड्सचा बेरी फान पीर मंचावर, कॅमेऱ्यांसमोर, डार्ट सुटत नाही म्हणून रडला. २०२३ची वर्ल्ड मॅचप्ले स्पर्धा जिंकणारा नेथन ॲस्पिनॉल आपल्या डार्टायटिसबद्दल उघडपणे बोलतो. बो ग्रीव्ह्ज २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षं डब्ल्यूडीएफची, म्हणजे जागतिक डार्ट्स महासंघाची, महिला जगज्जेती ठरली. तिलाही हा त्रास. नेदरलँड्सच्याच जियान फान फेनला तो उमेदीच्या वयात झाला होता. हेच दोघं, ग्रीव्ह्ज आणि फान फेन, २०२५च्या जागतिक युवा स्पर्धेच्या अंतिम सामन्यात समोरासमोर होते. तेव्हा हा नवशिक्यांचा आजार नाही आणि डरपोकांचा तर अजिबात नाही. ज्यांचा थ्रो हजारो वेळा घोटून हातात मुरलेला आहे, त्यांनाच तो गाठतो.

अशा खेळाडूला मिळणारा पहिला सल्ला असतो ‘सराव वाढव’. माझ्या मते यापेक्षा वाईट सल्ला नाही. हात अडकतो आहे आणि तुम्ही रोज तीन तास बोर्डासमोर उभे आहात, तर तुम्ही रोज तीन तास अडकण्याचा सराव करताय. मेंदूला यात चांगलं-वाईट कळत नाही. जे जास्त वेळा घडतं ते तो पक्कं करतो. खाली जे काही लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं: अडकलेला थ्रो पूर्ण करायचा नाही, तो मोडायचा आणि नव्याने सुरू करायचा.

आत नेमकं काय होतं

बँकेत ‘सही जुळत नाही, पुन्हा करा’ असं सांगितलं की आपलीच सही आपल्याला जमेनाशी होते. एरवी एका झटक्यात होणारी रेघ आपण अक्षर-अक्षर जोडून काढायला लागतो आणि ती कोणा दुसऱ्याचीच दिसते. डार्टचा थ्रो तसाच एका झटक्यातला आहे. कोपर, मनगट, बोटं यांची हालचाल एकाच हुकुमावर होते, मध्ये विचाराला जागा नसते. काही कारणाने तिथे विचार घुसला, ‘आता सोडू का?’ असा प्रश्न एकदा उभा राहिला, की एका हुकुमाचे तीन-चार हुकूम होतात आणि ते एकमेकांच्या पायात पाय घालतात.

यात दोन वेगळे प्रकार आहेत आणि त्यांची सरमिसळ करू नये. पहिला दडपणाचा: घरी एकटं असताना हात मोकळा, सामन्यात, त्यातही डबल (डाव संपवायला लागणारी बाहेरची, दुप्पट गुणांची पट्टी) मारायच्या वेळी, अडकतो. दुसरा हालचालीचाच: घरात कोणी नसताना, काहीही पणाला नसताना, रिकाम्या भिंतीकडे हात फेकतानाही मनगट आवळतं किंवा बोटं उघडत नाहीत. वैद्यकात याला विशिष्ट कामापुरता डिस्टोनिया म्हणतात. लिहिताना बोटं वाकडी होणारा ‘रायटर्स क्रॅम्प’ त्याच कुळातला. गोल्फमध्ये फटका मारताना ऐन वेळी हात दगा देतो ते ‘यिप्स’सुद्धा असेच दोन्ही प्रकारचे असतात. बऱ्याच जणांत दोन्हींची भेसळ असते: सुरुवात दडपणाने होते, मग ती सवय हातात उतरते.

ओळखायची सोपी रीत अशी. घरी एकटे असताना, बोर्डावर काहीतरी झाकण टाकून, तीस डार्ट फेका. एकही अडकला नाही तर तुमचा प्रश्न बहुतांशी दडपणाचा आहे आणि पुढचा शिडीचा, म्हणजे पायरीपायरीने करायच्या सरावाचा, भाग तुम्ही भराभर पार कराल. पाच-सहा अडकले तर सवय हातात उतरली आहे. महिने धरून चाला. आणि पेन, चमचा, दाढीचा ब्रश धरतानाही हात वळत असेल, थरथरत असेल किंवा दुखत असेल, तर डार्ट बाजूला ठेवून आधी न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. ते काम कोच किंवा ब्लॉगवाल्याचं नाही.

कुठे अडकतो ते आधी शोधा

‘हात अडकतो’ एवढ्यावर कोणताच उपाय होत नाही. मोबाइल स्टँडवर लावा, कॅमेरा कोपराच्या उंचीला, फेकणाऱ्या हाताच्या बाजूने दोन मीटरवर. स्लो मोशनमध्ये, १२० किंवा २४० फ्रेमवर, वीस डार्ट रेकॉर्ड करा. मग मोबाइल मागे ठेवून आणखी दहा. बघताना गुण बघू नका, हात बघा. अडकण्याच्या जागा साधारण तीन असतात.

पहिली जागा नेमाची. डार्ट समोर धरलेला आहे, पण हात मागे यायला सुरुवातच करत नाही. व्हिडिओत डार्टचं टोक बारीक थरथरताना दिसतं आणि खांदा हळूहळू वर चढत जातो.

दुसरी जागा सगळ्यात मागची. डार्ट गालापाशी किंवा हनुवटीपाशी आला, तिथे हालचालीची दिशा बदलायची असते आणि ती बदलत नाही. काही जण इथून परत नेमाच्या जागी येतात आणि पुन्हा मागे जातात. असं चार-पाच वेळा होतं. हा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार.

तिसरी जागा बोटांची, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. हात पुढे येतो, वेगही बरा असतो, पण डार्ट उशिरा सुटतो. स्लो मोशन इथेच कामाला येते. चांगल्या थ्रोमध्ये अंगठा आणि पहिलं बोट जवळजवळ एकाच वेळी बॅरलपासून, म्हणजे डार्ट धरायच्या धातूच्या भागापासून, दूर होतात, मधलं बोट फार तर निमिषभर मागे राहतं, आणि डार्ट हाताच्या पुढे निघून गेल्यावरही बोटं उघडी, बोर्डाच्या दिशेला राहतात. अडकणाऱ्या थ्रोमध्ये एखादं बोट, बहुतेक वेळा मधलं किंवा टोकाजवळ टेकवलेलं, बॅरलला चिकटून राहतं. डार्ट निघताना त्याचा मागचा भाग वर उचलला जातो, टोक खाली झुकतं, फ्लाइट, म्हणजे मागचे पंख, हेलकावे खात जाते. शेवटी बोटं मुठीसारखी मिटलेली दिसली तर नक्की समजा, सोडायच्या क्षणी पकड सैल व्हायच्या ऐवजी घट्ट झाली आहे. योग्य वेळी सुटणं आणि उशिरा सुटणं यांत काही मिलिसेकंदांचाच फरक असतो, आणि ट्रेबलची पट्टी अवघी ८ मिलिमीटर रुंद. तेवढ्यात वीसचा तीन होतो.

कोणती जागा हे ठरलं की त्याप्रमाणे इशारा, म्हणजे थ्रो सुरू करणारी खूण, बदलायची. तत्त्व एकच: इशारा अडकण्याच्या जागेच्या आधी हवा, त्या जागेवर नको. ‘आता सोड’ असा हुकूम बोटांना देणारे सगळे फसतात, कारण ती जागा हुकूम घ्यायची नाहीच.

नेमाच्या जागी अडकणाऱ्याने हात कधीही पूर्ण स्थिर करू नये. डार्ट समोर आला की दोन छोटे झोके, चार-पाच सेंटीमीटरचे, आणि दुसऱ्या झोक्यातूनच थेट मागे. झोके मोजून दोनच. तीन झाले की उद्या पाच होतात आणि परवा झोक्यांवरच हात अडकतो. हे बऱ्याच जणांचं झालेलं आहे. ज्यांना झोके आवडत नाहीत त्यांनी श्वासाला बांधून घ्यावं: नाकाने श्वास आत, तोंडाने सोडायला सुरुवात, आणि निम्मा श्वास बाहेर गेला की हात निघाला.

मागच्या जागी अडकणाऱ्याने मागे जाणंच कमी करावं. गालापर्यंत नेण्याऐवजी नेमाच्या जागेपासून दहा सेंटीमीटर मागे, बस. वेग थोडा कमी होईल, डार्ट खाली पडेल, म्हणून नेम सुरुवातीला ट्रेबल वीसच्या वर, डबलच्या पट्टीपाशी धरा. आखूड हालचालीत थांबायला जागा राहत नाही. सोबत मेट्रोनोमचं, म्हणजे ठरावीक लयीत ठोके देणारं, ॲप लावा, मिनिटाला ६० ठोके. पहिल्या ठोक्याला डार्ट वर, दुसऱ्याला नजर नेमावर, तिसऱ्याला हात मागे निघाला. मागे जाणं आणि पुढे येणं मिळून एकच हालचाल, ती तिसऱ्या ठोक्यावर सुरू होते. सुटण्यासाठी चौथा ठोका नाही.

बोटांपाशी अडकणाऱ्याने लक्ष हातावरून उचलून बोर्डावर ठेवावं. कोपर, मनगट, अंगठा यांचा विचार जितका जास्त तितकी पकड घट्ट. वीस या आकड्याच्या वरची तार बघा, किंवा आधीच लागलेल्या डार्टची फ्लाइट बघा, आणि हात संपताना बोटं तिकडे दाखवायची एवढंच ठरवा. पकड किती घट्ट असावी? डार्ट धरलेल्या हाताची नखं बघा. दाबाने पांढरी पडली असतील तर सैल करा, गुलाबी होईपर्यंत.

मोडण्याचा नियम आणि शिडी

नियम असा. इशारा दिला आणि हात दोन सेकंदांत निघाला नाही, तर थ्रो रद्द. हात खाली घ्या, ओकीवरून एक पाऊल मागे या, डार्ट दुसऱ्या हातात द्या, परत घ्या, आणि सगळं पहिल्यापासून. ढकलून, झटका देऊन सोडायचा नाही, तो डार्ट ट्रेबल वीसमध्ये बसला तरीही. किंबहुना बसला तर जास्तच वाईट, कारण झटक्याला बक्षीस मिळालं. सुरुवातीला एका डार्टसाठी तीन-तीन वेळा मागे यावं लागेल. येऊ द्या. सलग तीन वेळा मोडावा लागला तर त्या दिवसाचा सराव तिथेच थांबवा. पण थांबण्याआधी एक मीटरवर जाऊन एक मोकळा डार्ट फेका आणि मग बोर्ड बंद करा.

वेळ थोडा ठेवायचा: पंधरा ते वीस मिनिटं, दिवसातून दोनदा. वहीत फक्त एक आकडा लिहायचा, शंभर डार्टमागे किती थ्रो मोडले. गुण लिहायचे नाहीत. सरासरी लिहिण्याची खोड डार्ट खेळणाऱ्यांच्या हाडात भिनलेली असते, ती काही आठवडे सोडावीच लागते.

आता शिडी. पहिली पायरी डार्टशिवाय. ओकीवर उभं राहून रिकाम्या हाताने पूर्ण थ्रो, वीस-वीसचे तीन फेरे. मग गुंडाळलेले मोजे घेऊन बोर्डाकडे फेका. मोज्यांना पकड नाही, नेम नाही, म्हणून मेंदू त्यांना डार्ट मानत नाही आणि हात बहुधा मोकळा सुटतो. मोजेही अडकत असतील तर आठवडाभर इथेच राहा.

दुसरी पायरी डार्टसह, पण लक्ष्याशिवाय. बोर्ड उलटा करून फेकू असं काहींना सुचतं. करू नका, ब्रिसल (दाबलेल्या तंतूंच्या) बोर्डाची मागची बाजू लाकडी फळीची असते, टोकं वाकतात आणि डार्ट अंगावर परत येतात. त्याऐवजी वर्तमानपत्राचं पूर्ण उघडलेलं पान बोर्डावर लावा, वरच्या कडेला दोन चिमटे. आकडे, रंग, तारा सगळं झाकलं गेलं की नेम धरायला काही उरत नाही. ओकी विसरून बोर्डापासून एक मीटरवर उभे राहा. तीस डार्ट. कुठे लागतात त्याला महत्त्व नाही, कागदात लागले की झालं.

तिथून अंतर वाढवत जायचं: १ मीटर, दीड, २, आणि मग खरं २.३७. प्रत्येक टप्प्यावर तीसपैकी एकापेक्षा जास्त थ्रो मोडावे लागले नाहीत, आणि हे दोन दिवस लागोपाठ झालं, तरच पुढे. दोनदा नापास झालात तर एक टप्पा मागे. दीड मीटरवरून दोनवर जाताना अनेकांचं गाडं अडतं, कारण तिथून अंगाला ‘हा खरा थ्रो आहे’ असं जाणवायला लागतं. मध्ये पावणेदोनचा टप्पा घालून बघा.

घरचा बोर्ड या निमित्ताने एकदा मोजून घ्या. बुलचं, म्हणजे बोर्डाच्या मधल्या वर्तुळाचं, केंद्र जमिनीपासून १.७३ मीटरवर आणि ओकी २.३७ मीटरवर, पण हे २.३७ भिंतीपासून मोजायचं नसतं, बोर्डाच्या दर्शनी बाजूपासून मोजायचं असतं. बोर्डाची जाडी आणि ब्रॅकेट मिळून चार-पाच सेंटीमीटर सहज जातात. सामन्यात ओकी वेगळी वाटली की बरा होत आलेला हात पुन्हा शंका घ्यायला लागतो. पट्टी टेपची न चिकटवता लाकडी ठेवा, पायाला कड लागली पाहिजे. खाली बघून पाय जुळवायचं एक काम कमी होतं.

कागद काढून लक्ष्य परत आणताना घाई नको. आधी अर्धा बोर्ड, मग पाव, मग वीसचं आख्खं घर, मग ट्रेबल. डबल सगळ्यात शेवटी. कारण उघड आहे: ५०१च्या लेगमध्ये, म्हणजे ५०१ गुणांवरून शून्यावर यायच्या डावात, चुकायची खरी किंमत डबललाच मोजावी लागते, आणि बहुतेकांचा हात पहिल्यांदा अडकलेला असतो तो तिथेच.

सामान बदलून काय होतं

डार्टायटिस झाला की माणूस आधी दुकानात जातो. नवा सेट, नवी पकड, आणि दहा दिवस सगळं झकास. मग पुन्हा तेच. यामागे जादू नाही: नव्या वजनाची, नव्या बॅरलची जाणीव वेगळी असते, त्यामुळे जुनी बिघडलेली सवय लगेच ओळखीची खूण शोधू शकत नाही. ती शोधली की परत येते. तेव्हा सामान बदलायला हरकत नाही, पण ते शिडीची सुरुवात करताना, ती उसंत वापरून घेण्यासाठी बदला, आणि एका वेळी एकच गोष्ट.

बहुतेकांचे डार्ट २० ते २६ ग्रॅमच्या दरम्यान असतात. नेमाच्या किंवा मागच्या जागी अडकणाऱ्याला दोन-तीन ग्रॅम जड डार्ट सोयीचा पडतो. वजनाचा झोकच हाताला ओढून नेतो. बोटांपाशी अडकणाऱ्याने वजनापेक्षा बॅरलची खाच बघावी. धारदार, खोल खाचांचा बॅरल घट्ट पकडीला उत्तेजन देतो आणि शेवटचं बोट ओढून धरतो. घासून गुळगुळीत झालेला जुना सेट घरात पडला असेल तर तोच काढा. आपल्याकडच्या दमट हवेत, मुंबईत किंवा कोकणात खेळताना, घामाने बोट चिकटतं आणि मग माणूस आणखी घट्ट धरतो; खिशात सुती रुमाल आणि थोडी चॉक पावडर ठेवा.

चार बोटांनी धरणाऱ्याने तीनवर यावं, म्हणजे अंगठा, पहिलं आणि मधलं. टेकणाऱ्या जागा जितक्या कमी तितके सुटण्याचे हुकूम कमी. टोकाला बोट लावायची सवय असेल तर तेच बोट बहुधा गुन्हेगार असतं. शाफ्ट, म्हणजे बॅरल आणि फ्लाइट यांच्या मधली काडी, मध्यम लांबीचा आणि फ्लाइट मोठी, स्टँडर्ड आकाराची घ्या. उशिरा सुटलेल्या डार्टचे हेलकावे ती लवकर आवरते. छोट्या स्लिम फ्लाइट नंतर बघू.

उभं राहण्यातला बदल फुकट असतो आणि तरी कोणी करून बघत नाही. ओकीवर दहा सेंटीमीटर डावीकडे किंवा उजवीकडे सरका, पुढचा पाय जरा वळवा. काही जण दुसऱ्या हाताने फेकायला शिकतात. ते उपाय म्हणून मला फारसं पटत नाही, पण विश्रांती म्हणून उत्तम: आठवड्यातून एकदा दुसऱ्या हाताने खेळा, हरा, हसा, खेळाशी नातं टिकतं.

बिअर आणि गोळ्या

दोन बिअर घेतल्या की हात सुटतो, हे खरं आहे. म्हणूनच ते धोक्याचं. दारूखाली मोकळा झालेला थ्रो दारूखालीच मोकळा राहतो, कोऱ्या हाताला त्याचा फायदा होत नाही, आणि पुढच्या वेळी दोनाच्या तीन लागतात. शिडीवरचा सराव कोराच करायचा.

हाताची थरथर कमी करायला बीटा-ब्लॉकर, म्हणजे रक्तदाबावरच्या एका प्रकारच्या गोळ्या, घ्या, असं कोणीतरी हमखास सुचवतं. डार्ट हा अशा मोजक्या खेळांपैकी आहे जिथे वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, यादीत स्पर्धेच्या काळात बीटा-ब्लॉकरना बंदी आहे. शिवाय दमा किंवा मंद नाडी असणाऱ्याला ते डॉक्टरांशिवाय घेणं महागात पडू शकतं. रक्तदाबासाठी आधीच चालू असतील तर ती गोळी परस्पर बंद करू नका. स्पर्धेत उतरण्याआधी डॉक्टर आणि संघटना दोघांशी बोला. हाताच्या डिस्टोनियात बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शनं देतात, पण त्याने स्नायूची ताकदही उतरते, आणि डार्टसाठी लागणारी बारीक पकड त्यातच असते. तो निर्णय न्यूरॉलॉजिस्टबरोबर बसून घ्यायचा. दडपणाचा भाग मोठा असेल तर क्रीडा मानसशास्त्रज्ञाकडे जायला लाजू नका. ॲस्पिनॉलच्या पातळीचे खेळाडू अशी मदत घेतात.

सामन्यात परत

शिडी पूर्ण झाली तरी सामना वेगळा. मध्ये तीन गोष्टी एकेक करून घाला. आधी मोबाइलचा कॅमेरा चालू ठेवून फेका. मग कोणालातरी मागे उभं करा आणि गुण मोठ्याने पुकारायला सांगा. मग मित्राबरोबर, हरणाऱ्याने चहा पाजायचा या अटीवर, तीन लेग. मोडण्याचा नियम इथेही लागू, म्हणून मित्राला आधी सांगून ठेवा की मी मागे येईन, तू घड्याळ बघू नकोस.

लीगमध्ये पहिल्या दिवशी कर्णधाराशी बोलून घ्या. शेवटच्या निर्णायक लेगला उतरवू नको, जोडीच्या सामन्यात आधी घाल, म्हणजे डबल मारायला दुसराही माणूस असतो. डार्ट हातातून निसटून पडला तर तो फेकलेला धरायचा की नाही, हे तुमच्या लीगच्या नियमांत बघून ठेवा. ओकीवर उभं राहून त्यावर वाद घालायची वेळ येऊ नये. चेकआउट, म्हणजे डाव संपवायचे शेवटचे गुण, उरवताना ३२ उरवा, कारण डबल सोळाचा डार्ट चुकून आतल्या साध्या सोळात गेला तरी पुढचे डबल आठ, चार, दोन, एक असे निम्मे होत जातात आणि प्रत्येक डार्टला नवा हिशेब करावा लागत नाही. हिशेब करणारं डोकं हाताच्या कामात लुडबुड करतं.

बरा झालेला हात पुन्हा अडकतो. दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, कधीही. तसं झालं की त्याच संध्याकाळी दोन पायऱ्या खाली या, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. परतलेला त्रास पहिल्या आठवड्यात पकडला तर लवकर जातो, ‘आपोआप जाईल’ म्हणून सोडला तर मुरतो.

आणि समोरच्यांसाठी थोडंसं. डार्ट खेळणाऱ्यांत असा समज आहे की हे बघून आपल्यालाही होतं, म्हणून काही जण अशा खेळाडूकडे बघतही नाहीत, त्याचं नाव काढत नाहीत. न बघायचं असेल तर बघू नका, तो तुमचा प्रश्न. पण ‘फेक ना यार, एवढा काय विचार करतोस’ हे बोलू नका, त्याची नक्कल करू नका आणि त्याच्या पाठीमागे ग्लास वाजवत उभं राहू नका. त्याच्या नजरेच्या टप्प्याबाहेर, दोन पावलं मागे उभे राहा. तो ओकीवरून मागे आला तर तुम्हीही गप्प राहा. त्याचे तीन डार्ट झाले की गुण लिहा आणि तुमची फेक सुरू करा.